वरण-भाताचं गणित आणि फूड स्टॅम्प

मंडळाच्या पॉटलकला फूड स्टॅम्पचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "अहो, वरण-भात खा म्हणावं या लोकांना! स्वस्त आणि पौष्टिक. सोडा नि चिप्स हवेत कशाला?" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपल्यापैकी बरेच जण इथे एम.एस.ला आले तेव्हा माणशी साठ-सत्तर डॉलरांत महिन्याची ग्रोसरी भागवत होते आणि तब्येती खणखणीत होत्या. म्हणजे वाक्य स्वानुभवातून आलेलं असतं. पण एकाचा अनुभव दुसऱ्याच्या घरात किती चालतो, हे तपासून पाहायला हवं.

आम्ही चार-पाच जण, सगळेच इंजिनियर, मंडळातर्फे महिन्यातून एका शनिवारी न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या फूड पॅन्ट्रीत कामाला जातो. खोकी उचलायची, डबे फळीवर लावायचे, रांगेतल्यांना पिशव्या भरून द्यायच्या, एवढंच काम. पण तिथे उभं राहिलं की प्रश्न पडायला लागतात, आणि प्रश्न पडले की इंजिनियर मंडळी कागद-पेन्सिल काढतात. त्या कागदांवरचंच इथे उतरवून काढतो आहोत.

आधी नावाचा घोळ. 'फूड स्टॅम्प' हे नाव २००८ सालीच सरकारदरबारी बाद झालं, आता योजनेला 'स्नॅप' म्हणतात. कुपनांची पुस्तकं जाऊन २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत बँकेच्या कार्डासारखं ईबीटी कार्ड आलं. बोलताना मात्र सगळे अजून फूड स्टॅम्पच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. २०२४ च्या सरकारी वर्षात दर महिन्याला सरासरी ४ कोटी १७ लाख माणसं या योजनेवर होती, म्हणजे देशातला साधारण दर आठवा माणूस. माणशी सरासरी महिन्याला १८८ डॉलर. तिसाने भागा: दिवसाला सव्वासहा डॉलर.

आपल्याकडच्या रेशनकार्डापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ ठरलेले, साखर ठरलेली, आणि आवडनिवड विचारायला कोणी बसलेलं नसे. इथे पैसे मिळतात आणि त्यातून खाण्याची जवळजवळ कुठलीही वस्तू घेता येते. दारू, तंबाखू, औषधं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, साबण, टॉयलेट पेपर चालत नाही. गरम तयार अन्नही चालत नाही. इंडियन ग्रोसरीतला काउंटरवरचा गरम सामोसा ईबीटीवर मिळणार नाही, फ्रीजरमधला मिळेल. आणि एक गंमत म्हणजे भाजीचं बियाणं आणि रोपं मात्र चालतात, १९७३ पासून. कोणाला अंगणात मेथी पेरायची असेल तर सरकारची हरकत नाही!

हे सगळं शेतकी खात्याकडे का, असा प्रश्न नव्याने येणाऱ्याला पडतो. त्याचं उत्तर १९३९ सालात आहे. मंदीच्या काळात एकीकडे शेतमालाला भाव नव्हता, दुसरीकडे शहरांत माणसं उपाशी. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात प्रयोग सुरू झाला. एक डॉलरची नारिंगी कुपनं विकत घेतली की अर्ध्या डॉलरची निळी कुपनं फुकट. निळ्या कुपनांवर फक्त शेतकी खात्याने 'जास्तीचा' म्हणून जाहीर केलेला माल मिळे: लोणी, अंडी, घेवडा असलं काही. गरिबाच्या पोटाइतकीच शेतकऱ्याच्या कोठाराची काळजी त्यात होती. युद्धात जास्तीचा माल उरला नाही आणि १९४३ मध्ये योजना बंद पडली.

इथे आपलाही धागा जोडलेला आहे, तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. युद्धानंतर कोठारं पुन्हा भरली, तेव्हा १९५४ साली आयझेनहॉवरच्या सहीने पी.एल. ४८० हा कायदा झाला आणि जास्तीचं धान्य बाहेरच्या देशांना जाऊ लागलं. साठीच्या दशकात आपल्या आई-वडिलांनी रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तो तांबडा गहू याच कोठारातला. बहात्तरच्या दुष्काळातली मिलो ज्वारी आठवून नाक मुरडणारी आजी अजूनही बऱ्याच घरांत असेल. ती भाकरी कशी तुटायची, घशाखाली कशी उतरायची नाही, याची वर्णनं आम्ही लहानपणी ऐकली आहेत. फुकटात किंवा स्वस्तात दिलेलं अन्न पोषक आहे की नाही हा एक प्रश्न, आणि खाणाऱ्याला ते आपलं वाटतं की नाही हा दुसरा. पहिल्याचा हिशेब सरकार ठेवतं. दुसऱ्याचा ठेवतात आज्या.

१९६१ मध्ये केनेडींनी प्रयोग पुन्हा सुरू केला, १९६४ मध्ये जॉन्सन यांनी कायम कायदा केला. तेव्हाही कुपनांसाठी आधी थोडे पैसे भरावे लागत, आणि ज्याच्याकडे तेवढेही नसत तो बाहेर राही. ही अट १९७७ च्या कायद्याने गेली. त्यासाठी झटलेले दोन सेनेटर म्हणजे साउथ डकोटाचे जॉर्ज मॅकगव्हर्न आणि कॅन्ससचे बॉब डोल. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन, दोघेही गव्हाच्या राज्यांतले. १९७३ पासून फूड स्टॅम्प शेतीच्या मोठ्या कायद्यातच बसवलेले होते. शहरातल्या खासदारांनी शेतीच्या अनुदानाला मत द्यायचं, खेड्यातल्यांनी फूड स्टॅम्पना. हा सौदा सुंदर नव्हता, पण चाळीस-पन्नास वर्षं चालला.

आता गणिताकडे येऊ. ज्यांनी ऑपरेशन्स रिसर्चचा कोर्स केला असेल त्यांना 'डाएट प्रॉब्लेम' आठवत असेल. शरीराला लागणारे सगळे घटक मिळतील असा सगळ्यांत स्वस्त आहार कोणता? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये याचं उत्तर अंदाजाने काढलं: १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. त्यात कणीक, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा, संपलं. असा आहार कोणी कोणाला सुचवणार नाही, हेही त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची पहिली मोठी परीक्षा याच कोड्यावर झाली. नऊ माणसं हिशेबाच्या यंत्रांवर बसली, १२० मनुष्यदिवस खपले, आणि उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलर फक्त चोवीस सेंटांनी चुकले होते!

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून डँटझिग यांनी स्वतःचा आहार कॉम्प्युटरकडून काढून घेतला. त्यात निघालं, दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्यावं. ते दुरुस्त केलं तर पुढच्या खेपेला दोनशे बुयाँ क्यूब, म्हणजे सूपच्या खारट वड्या. कॉम्प्युटरचा दोष नव्हता. जी अट कोणी लिहिलीच नाही, ती तो पाळणार कशी?

फूड स्टॅम्पची रक्कम अशाच एका गणितातून ठरते. शेतकी खात्याच्या त्या आराखड्याचं नाव 'थ्रिफ्टी फूड प्लॅन', साल १९७५. चौघांच्या कुटुंबाला काटकसरीने, घरी रांधून, पोषक खायला महिन्याला किती लागेल ते त्यात काढतात. पण खरी मेख अशी: १९८३, १९९९ आणि २००६ मध्ये आराखडा तपासला गेला तेव्हा महागाईपलीकडे खर्च वाढू द्यायचा नाही, ही अट आधीच घातलेली होती. मग उरलेल्या पैशांत आहार बसवायचा. आपल्या धंद्यात असं कोणी केलं, पुलाचं बजेट आधी ठरवून भार त्याला बेताचा धरला, तर लायसन्स जाईल. २०२१ मध्ये पहिल्यांदा ही अट बाजूला ठेवून नव्याने हिशेब झाला आणि रक्कम २१ टक्क्यांनी वाढली. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने ती अट परत आणली. यापुढे आराखडा तपासला तरी महागाईपलीकडे एक पैसाही वाढणार नाही.

ऑक्टोबर २०२५ पासूनच्या वर्षासाठी चौघांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त ९९४ डॉलर ठरले. माणशी दिवसाला सव्वाआठ, म्हणजे एका जेवणाला पावणेतीन डॉलर. पूर्ण रक्कम ज्याचं हिशेबातलं उत्पन्न शून्य त्यालाच. बाकीच्यांच्या रकमेतून त्या उत्पन्नाचे तीस टक्के वजा होतात, कारण तेवढे त्यांनी पदरचे घालावेत अशी अपेक्षा. ते तीस टक्के घरमालक आधीच घेऊन गेलेला असतो, हा भाग निराळा.

आम्ही आमच्या भागातले ढोबळ भाव घेऊन एक तक्ता केला. एका डॉलरला किती कॅलरी? तांदूळ, वीस पौंडांची पिशवी घेतली तर, सुमारे १५००. तूरडाळ ७००. साधी बिस्किटं साडेपाचशेच्या पुढे. सोडा तीनशेच्या वर. भेंडी ५०. टोमॅटो ४०. पालकाचं विचारू नका. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे अ‍ॅडम ड्रूनॉव्स्की हेच वीस वर्षांहून अधिक काळ सांगत आहेत: ज्यात कॅलरी ठासून भरलेल्या, ते स्वस्त. पैसे कमी पडले की माणूस आधी पोट भरतं ते घेतो. हार्वर्डच्या मंडळींनी २०१३ मध्ये दहा देशांतले अभ्यास एकत्र केले, त्यात चांगला आहार वाईट आहारापेक्षा माणशी दिवसाला सुमारे दीड डॉलर महाग निघाला. दीड डॉलर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. चौघांना वर्षाला ते दोन हजारांच्या वर जातं.

तर पॉटलकमधले काका कागदावर बरोबर आहेत. दीड हजार कॅलरीचा वरण-भात आमच्या हिशेबाने दीड डॉलरच्या आत बसतो. उरलेल्या पैशांत दूध, तेल, भाजी, एखादं फळ येतं. वरण-भात हे स्टिगलरच्या कोड्याचं आपल्या पूर्वजांनी आधीच काढून ठेवलेलं उत्तर आहे, असंही आम्ही अभिमानाने म्हणतो. पण न लिहिलेल्या अटींचं काय?

नोव्हेंबर २०२५ चीच गोष्ट घ्या. १ ऑक्टोबरपासून सरकार बंद होतं आणि १ नोव्हेंबरला कार्डांवर पैसे पडलेच नाहीत. कोर्टकचेऱ्या चालू होत्या. त्या शनिवारी पॅन्ट्रीची रांग पार्किंग लॉट ओलांडून रस्त्यापर्यंत गेली होती. आमच्या मंडळाने चार-चार पौंडांच्या तूरडाळीच्या पिशव्या दिल्या होत्या, दुसऱ्या एका संस्थेने डब्यातले छोले. छोले अर्ध्या तासात संपले. डाळ हळूहळू जात होती. एका बाईंनी पिशवी हातात घेऊन विचारलं, हे शिजायला किती वेळ लागतो? कुकर असेल तर पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर तासभर, आम्ही सांगितलं. त्या हसल्या. नर्सिंग होममध्ये आयाचं काम, दोन बस बदलून जायचं, आणि राहायला मोटेलची एक खोली. तिथे मायक्रोवेव्ह आहे, शेगडी नाही. "तुमच्याकडे असं काही आहे का, जे माझा नऊ वर्षांचा मुलगा मी घरी नसताना खाऊ शकेल?" त्यांनी पिशवी जागेवर ठेवली आणि पीनट बटर घेतलं.

शेगडी, कुकर, फोडणीचं तेल, वीस पौंडांची पिशवी घरी आणायला गाडी, ती ठेवायला उंदीर नसलेली जागा, एकदम वीस-बावीस डॉलर मोकळे करायची ऐपत, आणि संध्याकाळी सहाला घरी असलेलं कोणीतरी. विद्यार्थी असताना यातलं बरंचसं आपल्याकडे होतं. अपार्टमेंटमध्ये चौघं होते, पाळीपाळीने स्वयंपाक होता, शनिवारी राइड देणारा सीनियर होता, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षांत हे संपणार आहे हे माहीत होतं. त्या साठ-सत्तर डॉलरांच्या मागे एवढं सगळं उभं होतं. हे आपल्या तक्त्यात कधी लिहिलं जात नाही.

राजकारणातही अशीच गत. भांडण रकमेवर कमी आणि कार्टमध्ये काय आहे यावर जास्त. सोड्याचा वाद नवा नाही, १९६४ चा कायदा होतानाच तो झाला होता. प्रतिनिधीगृहाला सोडा वगळायचा होता, सेनेटने ते अंमलात आणणं अवघड म्हणून सोडून दिलं. २००४ मध्ये मिनेसोटाने परवानगी मागितली, २०१० मध्ये न्यूयॉर्क शहराने. शेतकी खात्याने दोघांनाही नकार दिला. २०२५ मध्ये वारं फिरलं. संपूर्ण वर्षात १८ राज्यांना परवानग्या मिळाल्या आणि १ जानेवारी २०२६ ला इंडियाना, आयोवा, नेब्रास्का, युटा आणि वेस्ट व्हर्जिनिया ही पाच राज्यं सुरूही झाली.

सोडा वाईट आहे यात वाद नाही, सरकारी पैशाने तो का द्यावा हा प्रश्नही रास्त आहे. पण शेतकी खात्याच्याच २०१६ च्या अहवालात एका मोठ्या दुकानसाखळीचे हिशेब आहेत. फूड स्टॅम्पवाल्या घरांचा ग्रोसरीतला पाच टक्क्यांहून थोडा जास्त पैसा सॉफ्ट ड्रिंक्सवर गेला होता, बाकीच्या घरांचा चार टक्के. फरक आहे, पण जगावेगळा नाही. बाकी कार्ट जवळजवळ सारखीच. म्हणजे ही फूड स्टॅम्पची सवय नसून देशाची सवय आहे. शिवाय व्याख्यांची मजा पाहा. आयोवाने विक्रीकराची व्याख्या उचलली. तीत 'कॅन्डी' म्हणजे साखरेत फळं, दाणे, चॉकलेट वगैरे घालून केलेल्या वड्या, पण पीठ असेल तर ती कॅन्डी नव्हे. शब्दशः लावलं तर आपली शेंगदाण्याची चिक्की बाद आणि बेसनाचा लाडू पास!

दुसरा रस्ताही करून पाहिलेला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये फळं-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीस सेंट कार्डावर परत दिले गेले. त्या घरांत फळं-भाज्या खाणं सुमारे पाव हिश्शाने वाढलं. डेट्रॉइटमध्ये २००९ मध्ये सुरू झालेली 'डबल अप फूड बक्स' योजना शेतकरी बाजारात डॉलरला डॉलर जोडून देते. आम्हाला हा रस्ता जास्त पटतो, कारण तो भेंडीचा पन्नासचा आकडा शंभरावर नेतो. कोणाच्या कार्टमध्ये डोकावावं लागत नाही. पण २०२५ च्या कायद्याने भर दिला कपातीवर. काँग्रेसच्या बजेट ऑफिसच्या हिशेबाने दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलर कमी. पोषक स्वयंपाक शिकवणाऱ्या 'स्नॅप-एड' वर्गांचा पैसाही त्यात गेला. त्याच कायद्यात शेतमालाच्या आधारभूत किमती मात्र वाढल्या. डोल आणि मॅकगव्हर्न यांच्या वेळचा सौदा असा एका बाजूनेच उरला.

"पण आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध?" असं एका काकूंनी विचारलं, म्हणून हेही लिहितो. त्याच रांगेत शेवटी एक जोडपं उभं होतं. गणपतीत पाहिलेले चेहरे. नोकरी गेलेली होती, हे मागाहून कळलं. आम्हाला पाहून ते मागे सरकले, आणि आमच्यातली एक जण आपण होऊन दुसऱ्या टेबलावर गेली. त्यांनी पिशवी नेली. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत.

म्हणून थोडी कामाची माहिती. एच-वन किंवा एच-फोरवर असलेल्यांना फूड स्टॅम्प मिळत नाहीत, पण इथे जन्मलेली मुलं नागरिक असल्याने ती स्वतः पात्र ठरू शकतात. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्यांना बहुतांशी बाहेर काढलं होतं. २००२ मध्ये मोठ्यांना पाच वर्षांनी आणि अठरा वर्षांखालच्यांना लगेच परत घेतलं. आपण स्पॉन्सर केलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत आपलं उत्पन्नही मोजलं जातं. २०२५ पासून कामाची अट ६४ वर्षांपर्यंत वाढली आहे, तेव्हा साठीतल्या आई-बाबांनाही महिन्याला ऐंशी तास काम, नाहीतर सवलतीचं कारण, दाखवावं लागू शकतं. फूड स्टॅम्प घेतल्याने ग्रीन कार्ड अडणार नाही असा नियम २०२२ मध्ये झाला होता, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यामुळे अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावंच. चर्चच्या पॅन्ट्रीत मात्र आम्हाला कधी कोणाचे कागद तपासावे लागलेले नाहीत, नाव आणि घरात माणसं किती एवढंच आम्ही विचारतो.

मंडळाची पुढची धान्यगोळा मोहीम दिवाळीच्या कार्यक्रमाला आहे. पॅन्ट्रीच्या बाईंनी दिलेली यादी अशी: डाळ एक-एक पौंडाच्या पिशवीत, तीही मसूर किंवा मूग, म्हणजे कुकरशिवाय लवकर शिजते. डब्यातले छोले आणि राजमा. छोट्या बाटल्यांत तेल. मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात, पीनट बटर, फळांचे डबे, पण साखरेच्या पाकातले नकोत. वीस पौंडांची तांदळाची पोती आणणाऱ्यांनी सोबत रिकाम्या झिपलॉक पिशव्याही आणाव्यात. भरायला आम्ही आहोत.